काळजात जाणारं बोट

डॉक्टरांनी "मीठ बंद" म्हटलं तेव्हा वसईजवळच्या गास गावचा प्लासिड "बरं" म्हणाला. डॉक्टर सांगतील त्याला "बरं" म्हणायचं, हा गावचा जुना रिवाज. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये चालायची त्या काळात याच गावाने पिढ्यानपिढ्या एक अक्षर न कळता बिनचूक "आमेन" म्हटलं होतं. आता मिस्सा मराठीत आली होती. डॉक्टर अजून मराठीत यायचे राहिले होते.

प्लासिड अडतीस वर्षांचा, केळीच्या बागेचा मालक. लहानपणी तापात त्याचे सांधे सुजले होते. त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप चिकटवून ठेवली. हे कळलं तीस वर्षांनी, खांद्यावर केळीचा घड घेऊन बांधापर्यंत जाताना तीनदा बसावं लागलं तेव्हा. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातले डॉ. विद्याधर महिन्यातून एका रविवारी मिशनच्या दवाखान्यात येत. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं.

प्लासिडने ते इमानाने पाळलं. त्याची बायको रिटा त्याचं कालवण वेगळं, अळणी करू लागली. तेवढ्यात राखेचा बुधवार आला आणि उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले. मटणही बंद. डॉक्टरांचा आणि देवाचा असे दोन्ही हुकूम एकदम पाळणारा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि प्लासिडला याची थोडी घमेंडही होती.

ईस्टर झाल्यावर तो दवाखान्यात आला तो सुजलेले पाय घेऊन. सपाट झोपलं की धाप लागत होती.

डॉ. विद्याधरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोळ्या लागू पडत नाहीत. लगेच ऑपरेशन—" असं लिहिता लिहिता ते थांबले. "प्लासिडभाऊ, मागच्या वेळी मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू."

प्लासिडने रिटाकडे पाहिलं. असा प्रश्न त्याला शेवटचा नवव्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारला गेला होता, आणि त्यानंतर छडी आली होती.

"मीठ बंद."

"पाळलंत?"

"चाळीस दिवस कण घातला नाही."

"मग जेवलात काय?"

"खारा मासा."

"रोज," रिटा अभिमानाने म्हणाली. "दोन्ही वेळा. अळणी कालवणाला तेवढाच आधार."

"अहो, त्यात मीठच असतं!"

"ते अर्नाळ्याच्या कोळणीने घातलेलं, डॉक्टर," प्लासिड म्हणाला. "आम्ही नाही घातलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता झापणार म्हणून प्लासिडने मान खाली घातली.

"चूक माझी," डॉक्टर म्हणाले. "मी मीठ म्हणालो, तुम्ही मीठ सोडलंत. जेवता काय, ते मी विचारलंच नाही."

प्लासिडने दाराकडे पाहिलं. कोणाला तरी साक्षीला बोलवायला हवं होतं. वसईने पोर्तुगीज पाहिले, मराठे पाहिले, इंग्रज पाहिले. पण "चूक माझी" म्हणणारा डॉक्टर हयात माणसांपैकी कोणी पाहिला नव्हता.

त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी आपल्या कानातली नळी काढून प्लासिडच्या कानात घातली आणि दुसरं टोक त्याच्याच छातीवर टेकवलं.

प्लासिड हलायचा थांबला. आत कोणीतरी राहत होतं. अडतीस वर्षं, भाडं न देता, एक दिवस सुट्टी न घेता ते काम करत होतं, आणि त्याने आजवर त्याची साधी चौकशीही केली नव्हती. दर ठोक्यामागून एक घरघर येत होती, पाटात पाला अडकल्यावर पाणी करतं तशी.

"ऐक," तो रिटाला म्हणाला. मिस्सेत अर्पणाच्या वेळी बोलतात तेवढ्या हळू आवाजात.

तिने ऐकलं, आणि कानातली नळी न काढताच छातीवर क्रूसाची खूण केली.

खारा मासा सुटला तशी सूज उतरली. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी कागदावर हृदयाच्या चार खोल्या काढल्या आणि मधलं चिकटलेलं दार दाखवलं. "आता घाई नाही, पण दार चिकटलेलंच आहे. दोन वाटा आहेत. गोळ्या, अळणी जेवण आणि बसून करायची कामं. त्यात काही वर्षं बरी जातील. दम हळूहळू कमीच होईल. नाहीतर ऑपरेशन. बरगड्यांमधून आत जायचं, धडधडत्या हृदयात सर्जन बोट घालतात, दार चाचपतात आणि सोडवतात. शंभरात दोन-तीन माणसं दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींचं दार दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा चिकटतं."

"बोट?" प्लासिड म्हणाला. "चालू असताना?"

"चालू असताना."

प्लासिडने कागदावरचं ते दार पुन्हा पाहिलं.

"तुमचा भाऊ असता तर काय केलं असतंत?"

"माझा भाऊ कारकून आहे. त्याला म्हटलं असतं, सध्या बस खुर्चीत. तुम्हाला काय करायचंय, ते मला माहीत नाही. ते तुम्हीच सांगायचं."

"बागेत उभं राहायचंय," प्लासिड म्हणाला. "घड स्वतः उतरवायचाय. बसून नुसतं बघत राहणं मला जमणार नाही."

"हा बसला तर मला घरात राहणं जमणार नाही," रिटा म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "पण डॉक्टर, ते दोन-तीन... त्यांच्या बायकांनाही असंच सगळं सांगितलं होतं का?"

"सगळ्यांना नाही," डॉक्टर म्हणाले. "सांगायला हवं होतं."

रिटाने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती मान हो म्हणत होती की भीत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"एक अट आहे," प्लासिड म्हणाला. "ते बोट मला आधी बघायचंय."

मे संपता संपता मुंबईच्या इस्पितळात सर्जन शरदचंद्र खाटेशी आले. पांढरे केस, कमी बोलणं. रोग्याने अट घातल्याचं त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत घडलं नव्हतं. त्यांनी विद्याधरांकडे रागाने पाहिलं, प्लासिडकडे पाहिलं, आणि उजव्या हाताची तर्जनी पुढे केली.

साधं बोट होतं. नख बारीक कापलेलं, पेराजवळ शाईचा डाग. प्लासिडने आपलं मातीने भेगाळलेलं बोट शेजारी धरून पाहिलं. त्याचंच जाड होतं.

"आत दिसतं काय तुम्हाला?"

"काही नाही. नुसतं लागतं हाताला."

"भीती नाही वाटत?"

विद्याधर छताकडे पाहत होते.

"दर वेळी," शरदचंद्र म्हणाले.

प्लासिडने ऑपरेशनच्या संमतीचा इंग्रजी कागद विद्याधरांकडून मराठीत वाचून घेतला. "दगावणे" आलं तिथे पुन्हा वाचायला लावलं. मग ते बोट त्याने दोन्ही हातांत धरलं, मूर्तीचे पाय धरावेत तसं, सोडलं, आणि रिटाला म्हणाला, "पेन दे."