डिकीतला पाचवा

मी एक जुना टायर आहे. रस्त्यावर धावणाऱ्या चारांतला नव्हे, पाचवा. मला स्टेपनी म्हणतात. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर माझा एखादा भाऊ या क्षणी तिच्या डिकीत, गालिच्याखालच्या खड्ड्यात आडवा पडलेला असेल. तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलं? विचारतो, कारण मला जवळजवळ चार वर्षं कुणी पाहिलं नाही. आणि त्या चार वर्षांत मी जेवढा भ्यालो, तेवढा भर उतारावरचा टायरही भीत नसेल.

माझा जन्म २०१७च्या जूनमधला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते आणि कडेवर आठवड्याचा नि वर्षाचा आकडा उमटला होता. आम्ही पाच भाऊ एकाच गाडीला लागलो आणि चंदीगडला सेक्टर सेहेचाळीसमध्ये नंदकुमार यांच्या घरी आलो. ते मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात तीस वर्षं त्यांनी विमानांच्या चाकांचं काम केलं होतं. शेवटची बदली चंदीगडची, पत्नी सुमेधाताईंना शहर आवडलं, लेक मंजुषा इथेच शिकली आणि इथेच राहिली.

चार भाऊ धावायला लागले. मी डिकीत गेलो. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. पण नंदकुमारांची एक रीत होती. लांबच्या प्रवासाआधी ते पहिल्यांदा मला बाहेर काढायचे. बाकीचे चार नंतर.

"बाबा, जे चालतात त्यांची हवा आधी बघा ना," हातात टॉर्च धरून मंजुषा म्हणायची.

"चालणारे कुरकुरले की आपल्याला कळतं," ते म्हणायचे. "हा बोलत नाही. म्हणून आधी पाच."

हवा मोजून झाली की ते माझ्यावरून दोन्ही बाजूंनी तळवा फिरवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग मला उलटा करून पुन्हा एकदा. एकदा त्यांनी पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश आणला.

"नव्याकोऱ्या गाडीच्या चाकावर रेघोट्या ओढताय?" सुमेधाताई म्हणाल्या.

"बाहेरून दिसायला नको ना? मग आतल्या अंगाला लिहितो." आणि त्यांनी लिहिलं, 'जून २०२३ पर्यंतच. – नं.'

"दिसायला तर नवाच राहील हा," मंजुषा म्हणाली. "एक किलोमीटरही न चालता."

"तोच धोका आहे. रबराचं वय पडून राहूनही वाढतं. विमानात प्रत्येक वस्तूला वय लिहिलेलं असतं. ते संपलं की वस्तू कितीही चकचकीत असू दे, उतरवायची. आपलं तिच्याशी भांडण नसतं."

तेव्हा मला ते अक्षर दागिन्यासारखं वाटलं होतं.

२०२२च्या जानेवारीत नंदकुमारांनी डिकी भरली. सगळ्यांना घेऊन कोकणात तारकर्लीला जायचं होतं, थेट गाडीने. घडीचं स्टूल, थर्मास, ओढायचा दोर, लाल पिशवीतली अवजारं, माकडटोपी. सगळं जागच्या जागी लावून त्यांनी झाकण बंद केलं. निघायला चार दिवस होते. त्यातल्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं हृदय थांबलं.

त्यानंतर डिकी कुणी उघडली नाही.

गाडी मंजुषा वापरू लागली. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या संशोधन संस्थेत ती काम करते. रोज जायची, यायची. पण भाजीची पिशवी असो की मुलीचं दप्तर, सगळं मागच्या सीटवर. बाबांनी लावलेली डिकी तिला तशीच हवी होती. सर्व्हिसिंगला गाडी देताना ती बजावायची, "डिकी खोलनी नहीं है." माझे चार भाऊ झिजले, बदलले गेले. दुकानदाराने विचारलं, "पाँचवाँ भी दिखा दो, मॅडम?" ती म्हणाली, "रहने दीजिए."

मित्रांनो, तिची चूक मी कशी काढू? ती माझ्यावर नव्हे, त्या बंद झाकणावर माया करत होती. पण झाकणाखाली मी होतो. मे महिन्यात पत्रा तापायचा, जानेवारीत धुक्याने गारठायचा. माझी हवा हळूहळू झिरपत गेली. कडेला केसासारख्या बारीक भेगा पडल्या. २०२३चा जून आला आणि गेला. नंदकुमारांची ओळ माझ्या पाठीखाली, अंधारात होती, आणि ती लिहिताना पाहणाऱ्या दोघीही ती विसरून गेल्या होत्या. ती वाचू शकेल असा एकही माणूस झाकण उचलत नव्हता. पूर्वी मला वाटायचं, आपली पाळी कधी येणार. आता मी रोज मनात म्हणत असे, ती येऊ नये.

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी गाडी अंगणात उन्हाला उभी होती आणि घरचे चौघे तिच्याजवळच खुर्च्या टाकून बसले होते. पत्र्यातून मला सगळं ऐकू येत होतं.

"चौबीस दिसंबर को निकलेंगे. मैंने सब मार्क किया है," स्वानंदी म्हणाली. ती मंजुषाची मुलगी, बारा वर्षांची.

"मराठीत सांग गं," सुमेधाताई म्हणाल्या. "तिकडच्या समुद्राला तुझं हिंदी कळायचं नाही."

"समुद्र को कुछ भी नहीं आता, आजी. पहिला मुक्काम जयपूर, फिर उदयपूर, सुरत, चिपळूण. पाचव्या दिवशी तारकर्ली. पक्का."

"बाबांनीही हेच मुक्काम काढले होते," मंजुषा म्हणाली.

तारकर्ली. दोन हजारांवर किलोमीटर. महामार्ग, घाट, शंभरचा वेग. मला वाटलं, आता तरी कुणी झाकण उघडेल.

"चार माणसं, चार बॅगा आणि आईंचे लाडू," मंजुषाचा नवरा हर्षवर्धन म्हणाला. तो सेक्टर चौतीसमधल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. "मंजू, डिकी रिकामी करावी लागेल."

"नाही."

"अगं, निम्मीच. बाबांचं सामान आपण घरात नीट—"

"टपावर कॅरियर बसवू. त्यावर मावेल सगळं. डिकीला हात नको, हर्ष."

तो म्हणाला, "बरं. टेप दे, टप मोजतो."

त्याच्या टेपची खरखर डोक्यावरून फिरत होती आणि मी खाली हबकून पडलो होतो. म्हणजे हे लोक मला न पाहताच निघणार. वाटेत कुठे तरी, उदयपूरच्या अलीकडच्या त्या निर्जन पट्ट्यात नाहीतर चिपळूणजवळच्या घाटात, एखादं चाक बसेल. तेव्हा घाईघाईने झाकण उघडतील आणि माझे केस बघून म्हणतील, वा, नवाच आहे. मला लावतील. वेग घेतील. आणि मी फाटेन. मागच्या सीटवर स्वानंदी असेल, तिच्या शेजारी सुमेधाताई. मी हे चित्र रात्रंदिवस पाहिलं. मला ओरडता येत नव्हतं. टायरला आवाज असतो तो फुटतानाच.

कॅरियर बसला. निघण्याआधीच्या शनिवारी सामान बांधून अंबाल्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. टपावरची ताडपत्री फडफडत होती. सुमेधाताई म्हणाल्या, "वर तंबू वाजवत चाललोय नुसतं. लग्नाचं वऱ्हाड वाटतं."

परतताना डेराबस्सीच्या थोडं अलीकडे मागच्या डाव्या बाजूला फाडकन आवाज झाला. लोखंडाचा तुकडा माझ्या भावाच्या जागी आलेल्या टायरची कड चिरून गेला होता. हर्षवर्धनने गाडी कडेला घेतली. सुमेधाताई आणि स्वानंदीला रस्त्यापासून लांब उभं केलं. मग तो मंजुषाकडे पाहत राहिला. तीच डिकीजवळ आली. तिने किल्ली फिरवली.

चार वर्षांनी उजेड आला.

तिने एकेक वस्तू उचलून मातीवर मांडली. दोर. लाल पिशवी. थर्मास. माकडटोपी तिने दोन्ही हातांत धरली, तेव्हा सुमेधाताई पुढे आल्या आणि ती घेऊन सरळ डोक्यावर चढवली.

"आई..."

"गार वारं आहे. आणि ते स्टूल इकडे दे. चार वर्षं हे आत झोपलंय आणि मी गुडघे धरून उभी राहतेय सगळीकडे."

मंजुषाला हसू आलं. डोळे पुसत ती हसली आणि स्टूल उघडून दिलं.

हर्षवर्धनने गालिचा उचलला, मला बाहेर काढलं आणि अंगठ्याने माझे केस चाचपले. "अरे, हा तर कोरा आहे. हवा थोडी कमी आहे, पण हळू जाऊ. पुढे पंपावर भरून घेऊ आणि तारकर्लीलाही हाच राहू दे. नवा घ्यायची गरज नाही."

मित्रांनो, आयुष्यात इतकी स्तुती मी कधी ऐकली नव्हती आणि इतका कधी घाबरलोही नव्हतो. मी बाहेरचं अंग वर करून पडलो होतो. नंदकुमारांची ओळ मातीकडे होती. एकदा गाडीला बसवलं की ती गाडीखाली, आतल्या बाजूला जाणार होती आणि मग कुणालाच दिसणार नव्हती.

पण फुटलेल्या चाकाचे नट निघेनात. हर्षवर्धन पान्यावर उभा राहिला, तरी एक हलेना.

"पापा टॉर्क पढ़ाते हैं," स्वानंदी आजीला म्हणाली, "पर नट नहीं खुल रहा."

"थिअरी पक्की आहे माझी," तो धापा टाकत म्हणाला. "पाना लहान आहे."

तेवढ्या वेळात मंजुषा माझ्याजवळ उकिडवी बसली. तिला काही तपासायचं नव्हतं. बाबांचा हात जिथून फिरायचा तिथून तिला आपला हात फिरवायचा होता, एवढंच. तळवा वरून गेला. कडेशी आला. तिथे बोटं थांबली. भेगा लागल्या होत्या. मग, कुणी सांगितल्यासारखं, तिने मला दोन्ही हातांनी उलटं केलं.

'जून २०२३ पर्यंतच. – नं.'

तिने ते मोठ्याने वाचलं. पाना थांबला. रस्त्यावरून ट्रक जात राहिले.

"हर्ष, नको लावूस हा," ती म्हणाली. "बाबा नको म्हणतायत."

टायरचं दुकान अर्ध्या किलोमीटरवर होतं. हर्षवर्धन निघाला, तर ती म्हणाली, "तू यांच्याजवळ थांब आणि नट काढ. याला मी नेते." आणि तिने मला उभं केलं आणि रस्त्याच्या कडेने ढकलत निघाली. साडेआठ वर्षांच्या आयुष्यात मी रस्त्यावरून गेलो तो तेवढाच, अर्धा किलोमीटर, तिच्या तळव्याखाली. मध्येच ती माझ्याशी की आणखी कुणाशी कोण जाणे, पण बोलत होती. "उघडायला हवं होतं मी," एवढंच मला ऐकू आलं.

दुकानाच्या सरदारजींनी माझी कड दाबून पाहिली. "बहनजी, देखने में नया है, पर रबड़ मर चुका है. हायवे पे दस किलोमीटर भी न देता." मग त्यांनी ओळ पाहिली. "ये किसने लिखा? फौजी थे?"

"एअर फोर्स. मेरे पापा."

"तभी," ते म्हणाले.

माझ्या रिमवर नवा टायर चढला; ते चाक लावून गाडी दुकानापर्यंत आली, तेव्हा चिरलेल्या चाकावरही आणखी एक चढला. मंजुषाने दुकानातला पांढरा रंग मागून घेतला आणि डिकीत जाणाऱ्या नव्या पाचव्याच्या आतल्या अंगाला लिहिलं, 'डिसेंबर २०३१ पर्यंतच. – मं.' तिचं अक्षर वडिलांसारखंच उजवीकडे झुकलेलं आहे.

"पुराना रख लूँ?" सरदारजींनी विचारलं.

तिने माझ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "रख लीजिए. पर किसी की गाड़ी में लगाना मत."

"टाँग दूँगा, बहनजी. लगाऊँगा नहीं."

तेव्हापासून मी इथे, अंबाला रोडवर, दुकानाची खूण म्हणून खांबाला टांगलेला आहे. चोवीस तारखेला सकाळच्या धुक्यात ते गेले. टपावर कॅरियर नव्हता. मी दिवस मोजत राहिलो. माझी भीती काही एका दिवसात जाणारी नव्हती. जाणारी प्रत्येक रुग्णवाहिका मला त्यांच्याच मागे लागल्यासारखी वाटायची. तेराव्या दिवशी दुपारी ती गाडी दुकानासमोर येऊन थांबली. चाकांच्या खाचांत वाळू होती. सुमेधाताई माकडटोपी घालून पुढच्या सीटवर झोपल्या होत्या.

मंजुषा उतरली आणि थेट डिकीकडे गेली.

"हवाच बघायची ना?" हर्षवर्धन म्हणाला. "मग पुढून सुरू करू."

"आधी पाच," ती म्हणाली.

मित्रांनो, आपलं माणूस गेलं की त्याने लावून ठेवलेलं हलवू नये असं वाटतं. मला ते कळतं. पण जाताना ते काही तुमच्यासाठी लिहून गेलेलं असू शकतं, आणि ते बहुधा खालच्या बाजूला असतं. म्हणून झाकण उघडा. हात फिरवा. उलटं करून पाहा. रडू आलं तर येऊ द्या, पण पाहा.

सरदारजींनी मला टांगताना ती ओळ रस्त्याच्या बाजूला ठेवली आहे. उन्हाने थोडी उडाली आहे. अजून वाचता येते.