बियाण्याचं कारलं

मिरजोळ्याला आमच्या घरामागे नुसता कातळ होता. सावित्रीने टोपलीटोपलीने माती आणून त्यावर परसू उभं केलं, तेव्हा मी बोटीवर होतो. जन्मभर मी बोटीवरच होतो. सुट्टीत घरी यावं तर काहीतरी नवं उगवलेलं असे. अडुळसा, गवती चहा, ओवा, माका, आणि मांडवावर तिच्या आईचं हेदवीचं कारलं. बोटाएवढं, काटेरी आणि असलं कडू, की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी यायचं.

वाडीत ज्याला म्हणून साखरेचा आजार, तो सकाळी आमच्या मागल्या दारी हजर. पोरांना जंत झाले की आया पाला न्यायला येत. सावित्रीने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. पण इतक्या जणांनी कारली नेली, बी मात्र कुणी नेलं नाही. सावित्रीकडे आहे ना, मग आपण कशाला उस्तवार करा. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मुलाचं काही सांगेल, नाहीतर दागिन्यांचं. ती म्हणाली, "माझा काय करायचा ता करा. कारल्याचा बी तेवढा राखा." मी हो म्हटलं. उभ्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

चुलीवर टांगलेल्या डब्यात राखेत घोळलेलं थोडं बी होतं. जुनं झालेलं, आणखी ठेवलं असतं तर रुजलं नसतं. यंदा ते सगळं पेरलं. बरंचसं पावसाने कुजलं. एक वेल मांडवावर चढली, तर माकडांनी धुडगूस घालून तीही ओरबाडली. राहिलं एकच कारलं. त्याच्या देठाला मी सावित्रीच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. चिंधी बांधलेलं फळ राखलेलं असतं, त्याला हात लावायचा नसतो. ते वेलीवरच पिकून पिवळं व्हायला हवं, तेव्हा कुठे आतलं बी धरतं. मी काठी घेऊन मांडवाखाली बसून राहायचो. गंगाराम माकडांशी भांडतो म्हणून वाडी हसली. हसेना का.

नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी म्हणजे अविधवा नवमी. त्या दिवसासाठी मुलगा नितेश आणि सूनबाई मृणाली मुंबईहून आली. श्राद्धाच्या जेवणात कारलं लागतंच. मांडवावरच्याला धक्का नको म्हणून मी सकाळीच बाजारात जाऊन पिशवीभर कारली आणली. मोठी, गुळगुळीत, फक्त नावाची कारली.

परत आलो तर मांडव रिकामा आणि चिंधी खाली चिखलात.

चिंधी बघून नितेशला वाटलं होतं, बाबांनी हे आईच्या पानासाठीच राखलंय, म्हणून त्याने ते तोडून मृणालीला दिलं होतं. आईच्या मांडवावरचं असताना तिला बाजारातलं कशाला वाढायचं, असं तो म्हणत होता आणि म्हणताना त्याचे डोळे भरून आले. त्यामुळे मला धड शिव्याही देता येईनात.

"अरे, ता बियाण्याला ठेवलेला होता," मी म्हटलं.

त्याने खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाला, ऑनलाइन कसलंही बी मिळतं, औषधी कारल्याचंसुद्धा, पाकीट मागवतो. आत भाजी शिजूनही गेली होती.

मागच्या दगडी गडग्यावर तिचं पान ठेवलं. कावळे माडावर येऊन बसले आणि बसूनच राहिले. कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची इच्छा राहिलीय असं धरून एकेकाने कबूल करायचं असतं. नितेश म्हणाला, बाबांना मुंबईला नेतो. मृणाली म्हणाली, हे घर विकणार नाही. सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलेली शेजारची सगुणा खोळंबली होती, तिनेही परसाला पाणी घालायचं कबूल केलं. एकही कावळा हलला नाही. मग सगळी माझ्याकडे बघायला लागली.

तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. बी राखीन, एवढंच म्हणायचं होतं. पण राखायला बी होतं कुठे? मेलेल्या बायकोशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

शेवटी नितेशने दर्भाचा कावळा करून पानाला टेकवला आणि आम्ही आत जेवायला बसलो.

एका कारल्याची भाजी ती किती असणार. पानावर वाढून उरलेली मृणालीने आम्हा सगळ्यांना चिमूटचिमूट वाढली. तिने गूळ घातला होता, तरी कडूपणा गेला नव्हता. सगुणाने बोट चाटलं आणि म्हणाली, "सावित्रीवहिनींच्या कारल्याची चव कशाला नाय. पुढल्या वर्षी माका पण थोडा बी द्या हां, भावजी."

तेव्हाच माझ्या घासात बिया आल्या. कोवळ्या, पांढऱ्या, दाताखाली सहज मोडल्या. सगळी माझ्याकडे बघत होती, म्हणून मी त्या गिळल्या आणि सगुणाला हो म्हटलं.