रॅम्पवाला संडास

पोखर्णीजवळच्या एका गावातल्या शाळेत दिव्यांगांसाठी संडास बांधलेला होता. रॅम्प, कठडा, गुळगुळीत फरशी, सगळं कसं झकास! फक्त दाराला कायम कुलूप. शाळेत एकही दिव्यांग पोरगं नव्हतं, अन् तपासणीच्या दिवशी संडास कोरा करकरीत दिसायला हवा. किल्ली मुख्याध्यापक दिनकररावांच्या खिशात. नियम म्हटला की या माणसाची मान खाली.

नववीतला योगीराज पुन्हा तापानं फणफणला. लघवीला आग. पोरगा पाणीच पीत नाही, असंच चाललं तर किडनीवर जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तो शाळेत आल्यावर दिनकररावांनी त्याला ऑफिसात बोलावून झापलं, "पाणी प्यायला काय पैसे पडतात का रे?"

"पाणी पिलं की मुतारीत जावं लागतंय, सर. वर्गातला मुंजाजी तिथं माझी पँट ओढतोय. मला पोरं आवडतेत म्हणून." पोरानं दाराकडं पाहिलं. "ते खरं हाय, सर. पण घरी सांगू नका. बाप जित्ता ठेवणार न्हाई."

दिनकररावांनी आधी ऑफिसचं दार लोटलं. तक्रार घ्यायची तर नियमानं बापाला बोलवा, कारण सांगा. मुंजाजीला धरून ठोकावं, तर तो गावभर बोंबलत सुटणार. मग काय करता! नियम गुंडाळून ठेवला अन् किल्ली पोराच्या हातावर ठेवली. योगीराज पाणी प्यायला लागला. ताप पुन्हा आला नाही, तोंडावर तजेला आला.

अन् नेमकी तपासणी येऊन धडकली. कुलूप निघालेलं पाहून साहेब तडकले. "दिव्यांग विद्यार्थी नाही म्हणता, मग हे वापरतं कोण?"

दिनकरराव कात्रीत सापडले. खरं सांगावं तर पोराचं वाटोळं, अन् खोटं बोलायला जीभ रेटेना. सगळी नववी खिडकीतून बघायलेली.

तेवढ्यात आतून दार उघडलं. योगीराज कठडा धरून, डावा पाय ओढत बाहेर आला.

साहेब क्षणात विरघळले. पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लाजायचं नाही बाळा. शासन तुझ्यासाठीच आहे." दिनकररावांना हसावं की रडावं, तेच कळेना.

शाळा सुटल्यावर योगीराज त्यांना फाटकाशी दिसला. अजून लंगडतच होता.

"अरे, साहेब गेले की कवाच! आता नीट चाल."

"पाय मुरगळला म्हणून पोरांना सांगितलंय, सर," तो हळूच म्हणाला. "मुंजाजीनं माझं दप्तर धरलं. सावकाश चल म्हणला." त्यानं वर पाहिलं. "सर, लंगडतच राहू का मी?"