डाव्या बाजूचं दार

कुंभार पिंपळगावात बद्रीनाथरावांच्या पांढऱ्या गाडीला सगळे नवी गाडी म्हणायचे. म्हणणारच. आणली त्या दिवशी पेढे वाटत त्यांनीच सांगितलं होतं, कंपनीतून कोरी उचलली म्हणून. खरं तर ती जालन्यातल्या नवलकिशोर नावाच्या व्यापाऱ्यानं पाच वर्षं वापरून विकलेली, वरून रंग मारून चकचकीत केलेली. कागदसुद्धा अजून नवलकिशोरच्याच नावावर. पण एकदा तोंडातून ‘कोरी’ निघालं ते निघालं, मग काही ते गिळता येईना.

गाडीची दुखणी तशी सगळ्याच जुन्या गाड्यांची. उन्हाळ्यात इंजिन तापायचं, थंडीत ढकलल्याशिवाय चालू व्हायचं नाही. त्याचं कोणाला काही वाटत नाही. खरी खोड होती पुढच्या डाव्या दारात. लॉक बसल्यासारखं वाटायचं, आणि गाडी उजवीकडे वळली की दार फाडदिशी उघडायचं. म्हणून त्या सीटवर कायम बायको, सगुणाबाई. डाव्या हातानं हँडल गच्च धरून. लोक म्हणायचे, बघा, बाई कशी ऐटीत म्होरं बसती!

दोन वर्षांमागं नवलकिशोरचा निरोप आला होता. कंपनीचं पत्र आलंय, त्या सालच्या गाड्यांच्या लॉकमध्ये खोट निघाली, गाडी घेऊन या, फुकटात बदलून देतात. बद्रीनाथराव गेलेही जालन्याला, रांगेत लागले. तिथला माणूस यादी बघून मालकांची नावं मोठ्यानं पुकारत होता. आणि मागं बघतात तर दोन गाड्या सोडून गावातलेच अप्पाराव, मेहुण्याची गाडी घेऊन उभे! आता नवलकिशोरच्या नावाचा पुकारा झाला आणि आपण पुढं झालो तर? गावभर बोभाटा! गाडी रांगेतून काढली ती थेट गावाकडे. अर्ध्या तासाचं काम हो, तेही फुकट! घरी येऊन सांगितलं, “सामान संपलं त्यांचं.” सगुणाबाईनं बरं म्हटलं आणि दार धरत राहिली.

मग लेकीचं, बेबीनंदाचं, जमत आलं. मुलगा अंतरवाली सराटीचा. त्याचे आईवडील, भुजंगराव आणि पुष्पाबाई, घर बघायला येणार होते. एसटीनं आले असते बिचारे. पण बद्रीनाथराव कसले ऐकतात? “आमची गाडी हाये ना! न्यायलाच येतो.”

बायकोला घेऊन गेले. तिकडं चहापाणी झालं, निघायची वेळ झाली, आणि सगुणाबाईनं त्यांना बाजूला घेतलं.

“म्होरं मी बसते. न्हाई तर त्यांना दाराचं सांगा तरी.”

“पाव्हण्याला मागं कोंबून तू म्होरं बसणार? आन् दार मोडकं हाये म्हणून सांगू? नाक कापती का माझं? मी गाडी हळू घेतो, जा बस मागं.”

भुजंगराव मानानं पुढं बसले. सगुणाबाई बरोबर त्यांच्या मागं बसली, आणि सीट आणि खांबाच्या फटीतून हात घालून तिनं दार धरलं. बद्रीनाथरावांना ते दिसलं. दिसलं आणि बरं वाटलं, हे सांगायलाच पाहिजे.

हळू कसले घेतात! भुजंगराव म्हणाले, “गाडी एक नंबर पळते,” की यांचा पाय आणखी दाबला गेला. पुलापाशी उजवं वळण आलं. दार वीतभर उघडलं, आणि गाडी सरळ होताना धाडकन आपटलं. मागून बारीक आवाज आला.

“दार नीट लागलं नव्हतं वाटतं,” भुजंगराव म्हणाले.

“लागलं, आता लागलं. काय गं, काय झालं?”

“काय न्हाई. ठसका लागला.”

घरी पुरणपोळीचा बेत होता. सगुणाबाई एका हातानं वाढत होती, दुसरा पदराखाली. बद्रीनाथराव पाव्हण्यांदेखत खेकसले, “दोन्ही हातानं वाढ की! रीतभात हाये का न्हाई?” ती आत गेली. तिच्यामागं पुष्पाबाई गेल्या, आणि लगेच दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, बाईंची तीन बोटं काळीनिळी झाली! कशानं झालं हे?”

“वरवंटा पडला,” आतून सगुणाबाई म्हणाली.

सगळे बद्रीनाथरावांकडं बघू लागले. आत्ता, या क्षणी बोलायला पाहिजे होतं. घास तोंडात फिरत होता, आणि तोच घास तिनं चेचल्या हातानं लाटलेल्या पोळीचा होता. आणि ते म्हणाले, “जडच हाये आमचा वरवंटा.” स्वतःचा आवाज ऐकून त्यांची मान खाली गेली. असली लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती, पण शब्द काही परत घेतले नाहीत.

भुजंगराव ताटावरून उठले. “आधी दवाखाना. जल्दी चला अंबडला. बाईंना म्होरं बसवा, मागं धक्के बसतेत.”

हळद लावून बोटांना फडकं गुंडाळलं होतं. सगुणाबाई पुढं बसली, पाव्हणे मागं. बद्रीनाथरावांनी किल्ली फिरवली, आणि शेजारी तो फडक्यातला हात आपोआप वर उठला, हँडलकडं गेला. बोटं मिटेनात. तिनं दात आवळून पुन्हा बघितलं. मिटेनात. तेव्हा तिनं उजवा हात आडवा घातला आणि दार धरलं. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बद्रीनाथरावांनी गाडी बंद केली.

“वरवंटा न्हाई पडला,” ते म्हणाले. मागं वळायचा धीर नव्हता, काचेतून समोर बघतच बोलत राहिले. “दारात चेपली बोटं. मघाशी, पुलापाशी. तुम्ही पडू न्हाई म्हणून धरून बसल्ती. गाडी नवी न्हाई. दुसऱ्याची हाये, जुनी. कंपनी लॉक बदलून देत होती, मी लाजंपायी रांगेतून पळून आल्तो. मला माफ करा.”

भुजंगराव खाली उतरले. सोयरीक गेली, असंच बद्रीनाथरावांना वाटलं. पण ते पुढच्या दाराशी आले, सगुणाबाईला हाताला धरून उतरवलं, मागं पुष्पाबाईंजवळ बसवलं. मग स्वतः पुढं बसले आणि दार गच्च धरलं.

“सोयरिकीचं मंग बोलू. चला आता, हळू.”

गाडी निघाली. गाव मागं पडलं. मग भुजंगरावांनी विचारलं, “किती दिवस धरून राह्यल्या बाई हे दार?”

“तीन वर्सं,” बद्रीनाथराव म्हणाले.

“आन् तुम्ही?”

बद्रीनाथरावांनी गाडी आणखी हळू केली. म्हणाले, “मी चालवत होतो.”