घरचा वजनकाटा

काटेवाल्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून लघवी जवळजवळ बंदच. तुम्ही-आम्ही दिवसातून सहा वेळा जाऊन येतो आणि विसरूनही जातो. ती किती मोठी चैन आहे, हे त्याला विचारा! प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं. आधी घोट्यांत, मग पोटऱ्यांत, आणि फारच झालं की फुप्फुसांत. आठवड्यातून तीनदा इस्पितळातलं डायलिसिसचं मशीन ते उपसून काढायचं. दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि चहाही त्यातच धरायचा होता.

बायको खमकी. रोज सकाळी ती त्याला घरच्या काट्यावर उभं करायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. वजन वाढलेलं दिसलं की तोंडाचा पट्टा सुरू.

"पाणी नाही, माझं रक्त पिताय तुम्ही!"

बरं, गृहस्थाचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. काटा मारणाऱ्या दुकानदारांची त्यानं चाळीस वर्षं चारचौघांत अब्रू काढली होती. पण तहान कुणाला सोडते? अंघोळीच्या नावाखाली तो नळाला तोंड लावायचा. आणि घरच्या काट्याखाली एक बारीकसा स्क्रू होता. चोरून प्यायला की आकडा खाली यावा म्हणून स्क्रू थोडा आवळायचा, मशीनवरून आला की सैल करायचा. इस्पितळात नर्स खरं वजन बघून ओरडायची, पण तेव्हा बायको बाहेर बाकावर बसलेली असायची. "घरी सांगू नका हो," एवढंच तो म्हणायचा.

त्या दिवशी त्याची पाळी होती. सकाळीच इस्पितळातून फोन आला. बायकोनं उचलला. पाण्याचा प्लांट बिघडला होता, निम्मी मशीनं बंद होती. ज्यांचं वजन जास्त त्यांना आधी घेणार होते. तुमचं किती वाढलंय?

तिनं कॅलेंडर बघितलं.

"आमचं? एकच किलो!" ती ताठ मानेनं म्हणाली. "आमचा नंबर दुसऱ्या कुणाला द्या बाई. आम्ही उद्या येऊ."

काटेवाल्याच्या हिशेबानं पाच किलो वाढलं होतं. सांगायला त्यानं तोंड उघडलंही. पण ती वळली, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की तसा त्यानं दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"बघितलंत? ऐकलं की होतं सगळं नीट," ती म्हणाली.

एका दिवसानं काय होतंय, असं मनाशी म्हणून तो गप्प बसला. शरम माणसाला किती मूर्ख बनवते!

दुपारी त्याला आडवं पडवेना. बसलं तरी धाप लागत होती, छातीत काहीतरी बुडबुडत होतं. बायको घाबरली. स्वयंपाकघरात गेली आणि ग्लास घेऊन आली. काठोकाठ भरलेला.

"घ्या, आज पूर्ण प्या. वजन कमीच आहे तुमचं. कोरड पडली असेल घशाला."

त्यानं ग्लासाकडे पाहिलं. हात पुढे गेलाच होता, तो त्यानं मोठ्या कष्टानं मागे घेतला.

"काटा... मारलाय मी," तो म्हणाला. "पाच किलो आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग ग्लास टेबलावर ठेवून ती स्वतः काट्यावर उभी राहिली. आकडा बघितला, तिचंही वजन चार किलोनं कमी दिसत होतं. खाली उतरली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तिनं फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "तुमच्या जागी ज्यांना घेतलं, त्यांना आत्ताच मशीनवर लावलंय. चार तास लागतील. गाडी पाठवते, ऑक्सिजन लावू. पण मशीन रिकामं नाही हो."

बायकोनं त्याच्या पाठीशी उशा लावल्या. मग ग्लास उचलून बेसिनमध्ये ओतला. जीव घुसमटत होता, तरी काटेवाल्याची नजर त्या पाण्यावरच होती.