लॉनच्या दारावर

"अवो, मुहूर्त पाहून राह्यले का तुमी?" ओट्यावरून पुष्पाबाईने विचारलं.

दयाराम कुदळ घेऊन लॉनच्या कडेला केव्हाचा उभा होता. एसटीतल्या कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यावर त्याने एकच चैन केली होती. संग्रामपुरात, दारापुढे हिरवंगार लॉन. त्या गवताला बोअरचं खारं पाणी सोसत नसे. ते टँकरचं गोड पाणी पिई, घरची माणसं उरलेलं. यंदा टँकर क्वचित यायला लागला, तेव्हा पुष्पाबाईने सरळ विचारलं, गवत ठेवायचं की मले? दयारामने विचाराला एक रात्र मागितली. तिने अजून माफ केलं नव्हतं.

पण त्याची भीती वेगळीच होती. आयुष्यभर लोक त्याच्या गाडीत चढले ते उतरण्यासाठीच. टेकायला म्हणून येत ते या लॉनवर, रोज संध्याकाळी. गवत गेलं की माणसंही जाणार.

दुपारी लॉन उखडलं. शेजारच्या कडूबाची म्हैस ते खाऊन मोकळी झाली. दयारामने मुरूम पसरला, दोन कोरफडी लावल्या. अंगण अर्धवट सोडलेल्या रस्त्यासारखं दिसू लागलं.

संध्याकाळी तो पायरीवर एकटाच बसला. फाटक वाजलं. कडूबा टोपी काढून आत आला, मौतीच्या घरी बसतात तसा मुरमावर बसला.

"कवा झालं?"

"दुपारी."

"तरास झाला का त्याले?"

दयारामने क्षणभर विचार केला. "नाही बा. झोपीतच गेलं."

मग सारी गल्लीच दारावर आली, मयताच्या घरी सांत्वनाला येतात तशी. रीत म्हणून कोणी पिठलं-भाकर आणली, कोणी डब्यातली सदाफुली. सरस्वतीबाईने बांधावरची घायपात उपटून आणली होती. एकाने निवडुंग अंगापासून हातभर लांब धरून आणला. पाणी नको, फक्त दुर्लक्ष करा, असं त्याने बजावलं. जिने लॉनचा काटा काढला त्या पुष्पाबाईलाच डोक्यावर पदर घेऊन बायकांना त्याचे गुण सांगावे लागले. दोन-तीन तिला खरंच आठवले.

अंधारू लागलं. मुरूम टोचत होता, पण उठायचं कोणी नाव घेईना. पुष्पाबाईने चहाला मोठं पातेलं चढवलं. दयारामला स्वतःच्या अंगणात बसायला जागा उरली नव्हती. तो निवडुंगाशेजारी अंग चोरून उभा राहिला.