एका नावाएवढी जागा

डोळे मीट. नको, पूर्ण मिटू नकोस, पुढे वाचायचं आहे तुला. अर्धेच मीट आणि माझ्याबरोबर चल.

एका वाचनालयाचं तळघर आहे, असं समज. कोपऱ्यात तुझ्याहून उंच एक यंत्र आहे. त्याला पुढून उघडी अशी मोठी टोपी आहे, आणि टोपीच्या आत, खाली, एक पांढरी फळी. वरून उजेड पडतो. तू खुर्चीवर बसून डोकं त्या टोपीत घालायचं आणि उजव्या हाताने हँडल फिरवायचं. फिरवलं की फळीवरून कोणाच्या तरी जुन्या वहीची पानं सरकू लागतात. पानं काळी, अक्षरं पांढरी, कारण फिल्मवर सगळं उलटं दिसतं. हात थांबवला की पान थांबतं.

आता असं समज, की तू हात थांबवलास, पान थांबलं, आणि त्या पानावर काहीतरी मात्र थांबलं नाही.

हे स्वानंदीच्या बाबतीत घडलं. दोन हजार चार साली ती दहा वर्षांची होती आणि अमेरिकेत श्रूजबरीला राहत होती. शाळेत घराण्याचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. तिचे आजोबा, हेमचंद्र, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते, म्हणून ती कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"आजोबा, तुमचे सिब्लिंग्ज सांगा."

"गुरुनाथ आणि उल्हास. दोघंही मोठे."

तिने पेनने लिहिलं. आजोबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"आणि एक बहीण. कांचन. पण ते पेन्सिलने लिही."

"पेन्सिलने का?"

"कारण ती होती की नव्हती, ते मला नक्की माहीत नाही. रस्त्याने जाताना ती मला तिचं एक बोट धरायला द्यायची. त्या बोटाचं नख अर्धंच होतं. एवढंच आठवतं. पण घरात विचारलं की सगळे म्हणायचे, तुला बहीण नव्हतीच, स्वप्नात पाहिलं असशील. सत्तर वर्षांचा झालो गं. आता विचारायला कोणी उरलं नाही."

स्वानंदीने पेन्सिलने लिहिलं: कांचन. आणि पुढे प्रश्नचिन्ह.

विचारायला कोणी उरलं नव्हतं, पण एक वही उरली होती. नाशिकला यात्रेला गेलेलं कुटुंब आपल्या उपाध्यांकडे जातं. उपाध्ये गाव आणि आडनाव विचारून वही उघडतात, आधीच्या पिढ्यांची नावं वाचून दाखवतात आणि आलेल्यांची नावं खाली लिहून घेतात. घरच्या माणसाने तोंडाने सांगितल्याशिवाय मात्र ते एकही नाव लिहीत नाहीत. आजोबांच्या घराण्याच्या वहीचे कोणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी फोटो काढले होते, आणि ती फिल्म युटा राज्यात एका कोठारात ठेवलेली होती. गावातल्या वाचनालयातून अर्ज केला की चार आठवड्यांसाठी मागवता येत असे. घरी न्यायची नाही, तिथेच बसून बघायची.

ऑक्टोबरच्या शेवटी फिल्म आली. वाचनालयाच्या मिस डोनोव्हननी ती कशी लावायची ते दाखवलं आणि इंग्रजीत बजावलं, "जाताना पूर्ण गुंडाळून ठेवायची हं. चौथ्या शनिवारी पाच वाजता ती परत जाणार. आणखी दिवस मिळणार नाहीत."

त्यानंतरच्या मंगळवारी आजोबांचं विमान होतं.

आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यांना तो उजेड सोसत नसे. म्हणून हँडल स्वानंदीकडे, आणि पान सापडलं की वाचायचं काम आजोबांकडे.

"हे काय लिहिलंय? मॅगीसारखं दिसतंय," स्वानंदी म्हणाली.

"मोडी लिपी आहे ती. मॅगी म्हणतेस होय, कार्टे! पेन न उचलता लिहायची असते. हे बघ, हा र. आणि हे आपल्या गावाचं नाव, रहिमतपूर. असं दिसलं की थांब."

तासाभराने ती थांबली. आजोबांनी टोपीत डोकं घातलं आणि बोट ठेवून वाचू लागले. "शके अठराशे एकसष्ट, कार्तिक. म्हणजे मी पाच वर्षांचा. पुरुषोत्तम, हे माझे वडील. मीनाक्षी, माझी आई. मुलगे गुरुनाथ, उल्हास, हेमचंद्र..."

ते थांबले.

हेमचंद्र या नावापुढे रिकामी जागा होती. मग पुढचं कुटुंब सुरू होत होतं. पूर्ण वहीत मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं, कुठे फट नाही, आणि इथेच एका नावाएवढी जागा सोडलेली.

"नाहीये ती," आजोबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

दुसऱ्या शनिवारी स्वानंदीने डबी उघडली, तर फिल्म अर्धीच गुंडाळलेली. यंत्रावर चढवून दिवा लावला, तर समोर तेच पान.

"रिवाइंड करायला विसरलीस, हनी," मिस डोनोव्हन म्हणाल्या.

"मी केलं होतं! आय स्वेअर!"

आणि पानाच्या कडेला काहीतरी होतं. राखी रंगाचं, शेंगदाण्याएवढं. गेल्या वेळी ते तिथे नव्हतं.

"बोटाचं टोक आहे," आजोबा म्हणाले. "फोटो काढताना कोणीतरी पान दाबून धरलं असेल."

"पण किती छोटं आहे ते. लहान मुलाचं आहे."

त्या दिवशी फिल्म मिस डोनोव्हननी स्वतः गुंडाळली, डबी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

तिसऱ्या शनिवारी त्यांनीच कुलूप काढलं. दिवा लागला. तेच पान. मिस डोनोव्हननी ते पाहिलं, गळ्यातली साखळी हातात घट्ट धरली आणि वर निघून गेल्या.

आता बोट पूर्ण दिसत होतं. ते कडेवर नव्हतं. हेमचंद्र या नावापुढच्या रिकाम्या जागेत ते टेकलेलं होतं, जणू विचारत होतं, इथे काय? त्याचं नख अर्धंच होतं.

स्वानंदी किंचाळली नाही. घाबरून तिचा हात आपोआप हँडलवर गेला, हे पान नजरेसमोरून घालवावं म्हणून.

"थांब!" आजोबा केवढ्याने ओरडले. "फिरवू नकोस! बोट आहे आत!"

मग ते शेजारच्या खुर्चीत बसले.

"जातं," ते म्हणाले. "जातं माहीत आहे ना तुला? दोन दगड, वर लाकडी खुंटा, धरून फिरवायचा. ती दाणे आत सारत होती. तिचं बोट सापडलं."

"आणि फिरवत कोण होतं?"

"मी."

तळघरातला हीटर घरघरत होता. स्वानंदीने आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळदीची चिंधी बांधली होती. नख अर्धं गेलं, पण ती हसायची, मला तेच बोट धरायला द्यायची. मग काही दिवसांनी तिला ताप आला, जबडा उघडेना. धनुर्वात. त्यातच ती गेली. त्यानंतर महिन्याभराने आम्ही नाशिकला गेलो. उपाध्यांनी नावं लिहून घेतली आणि लेखणी थांबवून विचारलं, 'आणि मुली?' वडील गप्प. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताचा वाससुद्धा आठवतोय आता. मी ते सगळं स्वप्न समजत होतो."

"पण नाव का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी समोर उभा होतो ना. मोठेपणी मला कळू नये, की माझ्या हातून..." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मला वाचवायला त्यांनी तिला पुसलं गं. उपाध्ये बिचारे जागा सोडून थांबले. आज ना उद्या घरचं कोणीतरी येऊन सांगेल म्हणून."

"मग तुम्ही सांगा ना, आजोबा."

आजोबांनी टोपीत डोकं घातलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्या शनिवारी नाही आणि चौथ्या शनिवारीही नाही. पाचला दहा कमी असताना मिस डोनोव्हन जिन्यावरूनच म्हणाल्या, "फिल्म गुंडाळा, प्लीज. न्यायला माणूस आलाय."

आजोबा बाजूला झाले. त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या होत्या. "नाही जमत मला, बाळा," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं शिकवलं, हजार मुलांची हजेरी घेतली. हे एक नाव निघत नाही."

स्वानंदीने विचार केला. मग विचारलं, "मी घरची आहे ना?"

"आहेस तर."

ती खुर्चीवर चढून बसली आणि टोपीत डोकं घातलं. आत थंड होतं, ओल्या दगडावरच्या पिठासारखा वास येत होता. तिने आपलं बोट फळीवर ठेवलं. पांढरी अक्षरं तिच्या कातडीवरून चालू लागली आणि ते राखी बोट तिच्या बोटाशेजारी टेकलं.

"कांचन," ती मोठ्याने म्हणाली. "पुरुषोत्तम आणि मीनाक्षीची मुलगी. हेमचंद्रची ताई. लिहून घ्या."

मागे आजोबांनी एकदाच हुंदका दिला. वर कोणीतरी घंटा वाजवली. पाच वाजले होते, फिल्म गुंडाळायलाच हवी होती.

स्वानंदीने हँडल धरलं. पण लगेच फिरवलं नाही. ती खाली वाकली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, बोट काढलंस ना?"

ती थांबली. काळ्या पानाकडे बघत, मनातल्या मनात वीस मोजेपर्यंत थांबली.

आणि मग तिने सावकाश हँडल फिरवलं.